ज्या वर्षी अफवा होती, त्याच वर्षी खरा धोकाही होता

प्रश्न असा आहे: "अष्टग्रही, स्कायलॅब, २०१२ अशा जगबुडीच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. पण माणसाची जात खरोखर संपायच्या बेतात कधी आली होती का? आणि खरा धोका कोणता, अफवा कोणती, हे सामान्य माणसाने ओळखायचं कसं?"

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. हो, आली होती. सगळी माणसं मेली असती का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण अणुयुद्ध पेटून काही तासांत कोट्यवधी माणसं मेली असती, उरलेल्यांची शेती धुराने झाकोळलेल्या आकाशाखाली वर्षानुवर्षं पिकली नसती, अशा वेळा विसाव्या शतकात अनेकदा आल्या. त्यातल्या बहुतेक वेळी आपल्याला पत्ताही नव्हता.

मी आयुष्यभर रासायनिक कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. दाब-तापमान मोजणारी उपकरणं, कंट्रोल रूममधले अलार्म, चुकीची क्रिया होऊ न देणारे इंटरलॉक, धोका दिसताच यंत्र आपोआप बंद करणारी ट्रिप, हा माझा विषय. पॅनलवर लाल दिवा लागला की तो खरा की खोटा, हे पुढच्या दोन-चार मिनिटांत ठरवणं, यावर आमचा सगळा धंदा उभा आहे. त्यामुळे या इतिहासाकडे मी नेत्यांच्या आणि सेनापतींच्या बाजूने पाहत नाही. रात्रपाळीला पॅनलसमोर बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहतो. तिथून पाहिलं की अफवा आणि खरा धोका, दोन्हींना एकच प्रश्न विचारता येतो: याची दुसरी, स्वतंत्र खूण कुठे आहे?

१९६२ साल घ्या. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीला रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ 'ग्रह' मकर राशीत एकत्र येणार होते. अष्टग्रही. देशभर भीतीची लाट आली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, अखंड नामसप्ताह बसले, लग्नं पुढे ढकलली गेली. आमच्या आधीच्या पिढीतली माणसं ते दिवस अजून तपशिलासकट सांगतात. पाच तारीख उलटली, सहा उजाडली, काही झालं नाही. त्याच महिन्यात लोकांनी रांगेत उभं राहून सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केलं.

त्या भीतीला एकही भौतिक खूण नव्हती. केतू हा गोळा नाहीच, चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो तो बिंदू आहे. उरलेल्या सातांपैकी पृथ्वीवरच्या पाण्याला ओढ लावण्याइतके प्रभावी दोनच, चंद्र आणि सूर्य. ते तर दर अमावास्येला एका बाजूला येतातच. गुरू, शनी वगैरेंची ओढ त्यापुढे नगण्य. त्या दिवसांत पृथ्वीवरच्या ओढीत नेहमीपेक्षा वेगळं काही होणार नव्हतं.

आता त्याच वर्षीचा ऑक्टोबर. मराठी घरांच्या आठवणीत १९६२ म्हणजे चीन. २० ऑक्टोबरला नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये चिनी फौजा घुसल्या, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावं लागलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपल्याकडे त्या दिवसांपासून रूढ आहे. पण नेमक्या त्याच आठवड्यात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला सगळी मानवजात पणाला लागलेली होती. सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं नेऊन ठेवली होती, अमेरिकेने बेटाला नौदलाचा वेढा घातला होता.

२७ ऑक्टोबर, शनिवार. या एका दिवसाबद्दल मी जितकं वाचलं तितकी माझी अस्वस्थता वाढत गेली. क्युबावर टेहळणी करणारं अमेरिकेचं यू-२ विमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मारला गेला. त्याच दिवशी दुसरं यू-२ उत्तर ध्रुवाकडून परतताना भरकटलं. ध्रुवाजवळ होकायंत्र कामाचं नसतं म्हणून वैमानिक ताऱ्यांवरून दिशा काढत होता आणि ध्रुवीय प्रकाशामुळे तारे नीट दिसेनात. ते विमान सोव्हिएत हद्दीत चुकोटकावर शिरलं. त्याला अडवायला सोव्हिएत मिग लढाऊ विमानं उठली. त्याला सांभाळून आणायला अलास्कातून अमेरिकी लढाऊ विमानं निघाली, आणि त्यांच्यावर अणुस्फोटकांची हवाई क्षेपणास्त्रं होती. वैमानिक इंधन संपलेलं विमान तरंगत आणून कसाबसा उतरला.

आणि सार्गासो समुद्रात पाण्याखाली बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी होती. अमेरिकी विनाशिका तिला वर यायला लावण्यासाठी सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकत होत्या. पाणबुडीत अण्वस्त्र बसवलेला एक टॉर्पेडो आहे, हे अमेरिकनांना माहीत नव्हतं. आत बॅटऱ्या उतरलेल्या, हवा कोंदलेली, तापमान ४५ अंशांच्या पुढे, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. वर युद्ध सुरू झालं आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. कप्तान सावित्स्कीने अणुटॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं. त्याला थांबवलं ते वासिली आर्खिपोव्हने. पाणबुडी वर आली, परत फिरली.

आर्खिपोव्ह नेमकं कधी आणि काय बोलला, यावर तिथल्या खलाशांच्या आठवणींत फरक आहे. काहींच्या मते हा प्रसंग पाण्याखाली घडला, तर काहींच्या मते पाणबुडी वर आल्यावर विमानांनी डोक्यावरून गोळीबार करत घिरट्या घातल्या तेव्हा. तीन अधिकाऱ्यांनी मतं दिली आणि एकट्या आर्खिपोव्हने विरोध केला, ही इंटरनेटवर फिरणारी चटपटीत गोष्ट जशीच्या तशी घेऊ नका. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आर्खिपोव्ह त्या चार पाणबुड्यांच्या पथकाचा प्रमुख कर्मचारी अधिकारी होता, हुद्द्याने कप्तानाच्या बरोबरीचा. तो कप्तानाच्या हाताखालचा असता तर त्याच्या शंकेला तेवढं वजन आलं नसतं. आदल्या वर्षी के-१९ पाणबुडीवर अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हाही तो तिथे होता आणि किरणोत्साराने सहकारी मेलेले त्याने पाहिले होते. बाहेरून येणारे सगळे दुवे तुटलेल्या त्या लोखंडी नळीत दुसरी स्वतंत्र खूण म्हणजे फक्त हा माणूस होता. तो दुसऱ्या पाणबुडीवर असू शकला असता. ही योजना नव्हती, योगायोग होता. मला यातली शूरपणाची बाजू दिसते, पण झोप उडते ती योगायोगाने.

त्याच आठवड्यातली आणखी एक घटना आमच्या धंद्यातली म्हणून सांगतो. २५ ऑक्टोबरच्या रात्री मिनेसोटातल्या डुलूथ तळावर कुंपण चढणारी आकृती पहारेकऱ्याला दिसली. घातपाती समजून त्याने गोळी झाडली, धोक्याची घंटा दिली. आसपासच्या तळांवर घुसखोरीचा अलार्म वाजला. विस्कॉन्सिनमधल्या व्होल्क फील्डवर मात्र वायरिंग चुकीची होती, तिथे वाजला तो युद्धासाठी उड्डाण करण्याचा भोंगा. अण्वस्त्रं लादलेली विमानं धावपट्टीकडे निघाली. एका अधिकाऱ्याने मोटार थेट धावपट्टीवर घालून दिवे उघडझाप करत ती थांबवली. कुंपणावर चढलं होतं ते अस्वल. यातल्या अस्वलावर लोक हसतात. मी त्या वायरिंगकडे पाहतो. पॅनलमागे दोन तारांची अदलाबदल आणि लूप चेक (तार टोकापासून टोकापर्यंत तपासणं) न करता दिलेली सही, हे मी कारखान्यात पाहिलेलं आहे.

दुसरं साल १९७९. जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडे काय वातावरण होतं, हे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. पोलीस सज्ज ठेवले होते, आकाशवाणीवर कान लावून माणसं बसली होती. गावागावांत कुणी कोंबड्या-बकरी कापून खाऊन घेतली, कुणी उधारी चुकवली, कुणी मुद्दाम चुकवली नाही. ही भीती अष्टग्रहीइतकी निराधार नव्हती. सुमारे ७७ टनांचं अंतराळस्थानक खरंच खाली येत होतं आणि ते कुठे पडेल हे नासाला नेमकं सांगता येत नव्हतं. पण जगात कुठेही, कुणा एकाला तरी तुकडा लागण्याची शक्यता नासाने १५२ मध्ये १ अशी दिली होती. जगबुडीचा त्यात कुठेच संबंध नव्हता. ११ जुलैला अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या आसपास पडले, कुणालाही इजा झाली नाही.

चार महिन्यांनी, ९ नोव्हेंबर १९७९ला, कोलोरॅडोतल्या शायेन पर्वताखालच्या अमेरिकी-कॅनेडियन हवाई संरक्षण केंद्रात पडद्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा प्रचंड हल्ला उमटला. हीच चित्रं त्याच क्षणी पेंटागॉनच्या कमांड सेंटरमध्ये, पर्यायी केंद्रात आणि बॉम्बफेकी विमानांच्या मुख्यालयात दिसली. लढाऊ विमानं उडाली. राष्ट्राध्यक्षांसाठी राखीव ठेवलेलं आणीबाणीचं विमानसुद्धा राष्ट्राध्यक्षांविना उडालं. काही मिनिटांत अधिकाऱ्यांनी उपग्रह आणि रडारकेंद्रांना थेट विचारलं, तेव्हा तिथे काहीच नव्हतं. सरावासाठी बनवलेला हल्ल्याचा नमुना चालू यंत्रणेत शिरला होता.

या घटनेतला धडा आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. रिॲक्टरवर, म्हणजे रसायनांची अभिक्रिया होते त्या भांड्यावर, दाब मोजायला आम्ही तीन ट्रान्समीटर (दाब मोजून आकडा पॅनलला पाठवणारी उपकरणं) लावतो आणि तिघांपैकी दोघांचं एकमत झालं तरच ट्रिप देतो. 'टू आउट ऑफ थ्री' म्हणतात. पण भांड्यातला दाब तिघांपर्यंत आणणारी बारीक नळी, म्हणजे इम्पल्स लाइन, एकच असेल आणि तीच चोक झाली, तर तिन्ही ट्रान्समीटर एकमताने खोटं बोलतात. तीन आकडे दिसतात, साक्षीदार मात्र एकच. ९ नोव्हेंबरला चार ठिकाणी हल्ला दिसला, पण चारही ठिकाणी माहिती एकाच संगणकातून येत होती. जगाला वाचवलं ते त्या संगणकाला वळसा घालून थेट रडारवाल्याला केलेल्या विचारणेने.

दहा व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच संदेश आला की तो दहा वेळा सिद्ध झाल्यासारखा वाटतो ना? तिथेही इम्पल्स लाइन एकच असते.

पुढच्या वर्षी, ३ जून १९८०ला, पुन्हा तसाच प्रकार झाला. या वेळी कारण होतं ४६ सेंटची एक चिप. यंत्रणा सतत "क्षेपणास्त्रं: शून्य" असा संदेश पाठवत असे, म्हणजे लाइन चालू आहे हे कळावं. चिप बिघडली आणि शून्यांच्या जागी मधूनच २ येऊ लागले. एका मुख्यालयात दोन क्षेपणास्त्रं, मग दोनशे. दुसरीकडे वेगळाच आकडा, तिसरीकडे काहीच नाही. आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणूनच शंका आली. तरी बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक इंजिनं सुरू करून बसले होते. लाइन तपासण्यासाठी हल्ल्याच्या संदेशाचाच साचा वापरणं ही रचनेतली चूक होती, आणि नंतर ती बदलली गेली.

आता पेट्रोव्ह. या विषयावर सर्वांत जास्त विचारलं जाणारं नाव. १ सप्टेंबर १९८३ला सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. दोन्ही बाजू ताणलेल्या होत्या. २६ सप्टेंबरला मध्यरात्र उलटल्यावर मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-१५ केंद्रात उपग्रह-यंत्रणेने अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटल्याचं दाखवलं. मग आणखी चार. यंत्रणेच्या मते माहितीची विश्वासार्हता सर्वोच्च होती. पाळीप्रमुख लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेट्रोव्हने वरिष्ठांना कळवलं की अलार्म खोटा आहे. ढगांच्या माथ्यावरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाच्या डोळ्यात विशिष्ट कोनात शिरलं होतं, असं तपासात पुढे निघालं.

पेट्रोव्हच्या हातात बटण नव्हतं. त्याच्या वर आणखी पायऱ्या होत्या आणि त्यांनी काय केलं असतं, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण म्हणून त्याचं काम कमी ठरत नाही. त्याने अंतःप्रेरणेवर विसंबून निर्णय घेतला, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते मला अपुरं वाटतं. तो मुळात अभियंता होता, ती यंत्रणा आतून जाणत होता. ती घाईने सेवेत आणली गेली आहे, हे त्याला माहीत होतं. जमिनीवरची रडार गप्प होती. आणि अमेरिका पहिला घाव घालेल तर पाच क्षेपणास्त्रांनी घालणार नाही, शेकड्यांनी घालेल, हा साधा हिशोब त्याने केला. तरीही आपली खात्री निम्मी-निम्मीच होती, हे पुढे त्याने स्वतः सांगितलं. जाणता माणूस असाच बोलतो.

त्याला बक्षीस मिळालं नाही, उलट त्या रात्रीचं लॉगबुक नीट भरलं नाही म्हणून बोलणी बसली. एका हातात टेलिफोन, दुसऱ्या हातात इंटरकॉम, लिहायचं कोणत्या हाताने, असा त्याचा प्रश्न होता. कंट्रोल रूममध्ये काम केलेल्या कुणालाही हे वाचून राग येईल. मलाही येतो. आणीबाणीत अचूक निर्णय घेणाऱ्या माणसाला नंतर कागदावरून पकडलं, की पुढच्या पाळीतला माणूस आधी कागद सांभाळतो, निर्णय मागे पडतो.

पण पेट्रोव्हची गोष्ट सांगून "शंका घेणारा माणूस जग वाचवतो" असं म्हणत लोक थांबतात, तिथे मला थांबता येत नाही. कारण पुढच्याच वर्षी, आपल्याच देशात, शंकेने माणसं मारली.

२ डिसेंबर १९८४, भोपाळ. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं होतं. रात्री सव्वादहा-साडेदहाच्या सुमारास दाब होता २ पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप). पाळी बदलली. अकराला नव्या पाळीने पाहिलं, १० पीएसआय. २ ते २५ पर्यंत दाब चालतो म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. शिवाय तिथल्या मीटरांवर कामगारांचा विश्वास उडालेला होता, ती नेहमीच काहीतरी दाखवत. आकडा स्वतः मर्यादेत होता, पण अर्ध्या-पाऊण तासात तो पाचपट झाला आहे, हे पाहायला आधीच्या पाळीचा आकडा शेजारी ठेवावा लागला असता. साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरू लागले. ही दुसरी, पूर्णपणे स्वतंत्र खूण होती, माणसाच्या डोळ्यांनी दिलेली. तिच्याकडे चहानंतर पाहू, असं ठरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, विषारी वायू धुऊन निकामी करणारा स्क्रबर तयार स्थितीत नव्हता, वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणारी लाइन दुरुस्तीसाठी तोडलेली होती. सुमारे ४० टन वायू झोपलेल्या शहरावर गेला. हजारो माणसं मेली, आणि वाचलेल्यांनी ते दुखणं पुढे आयुष्यभर वाहिलं.

पेट्रोव्हने शंका घेतली, भोपाळच्या ऑपरेटरनेही घेतली. फरक दोन ठिकाणी होता. पहिला: पेट्रोव्हची दुसरी खूण गप्प होती, भोपाळची दुसरी खूण ओरडत होती. दुसरा: चुकीची किंमत. खोट्या अलार्मवर विश्वास ठेवून अण्वस्त्रं सोडली तर परत बोलावता येत नाहीत, म्हणून तिथे शंका घेणं शहाणपण. खोट्या अलार्मवर विश्वास ठेवून कारखाना बंद केला तर एका पाळीचं उत्पादन जातं, म्हणून तिथे शंका घेणं घातक. शंकेला जात्याच चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही. तुम्ही कोणत्या टेबलावर बसला आहात, यावर ते ठरतं.

तिसरं साल २०१२. २१ डिसेंबरला माया संस्कृतीची कालगणना संपते म्हणून जग संपणार, असं वृत्तवाहिन्यांनी महिनोन्‌महिने घोळवलं. त्या कालगणनेतलं एक मोठं चक्र त्या सुमारास पुरं होत होतं, एवढंच. आपल्याकडे संवत्सर बदलतं तसं. पण त्याच वर्षीच्या २३ जुलैला काय झालं, हे किती जणांना माहीत आहे? सूर्यातून प्रभारित कणांचा एक अतिप्रचंड लोट बाहेर पडला आणि पृथ्वीची कक्षा ओलांडून गेला. पृथ्वी तेव्हा कक्षेत दुसरीकडे होती. नासाचं स्टिरिओ-ए हे यान मात्र नेमकं त्याच्या वाटेत होतं, म्हणून आपल्याला त्याची मोजमापं मिळाली. तोच स्फोट साधारण आठवडाभर आधी झाला असता, तर लोट पृथ्वीवर आला असता.

आल्यावर काय होतं, याचा जुना पुरावा मुंबईत आहे. १ आणि २ सप्टेंबर १८५९ला आलेलं सौरवादळ आजवर नोंदलेल्या सर्वांत प्रबळ वादळांपैकी एक. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या होत्या. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या आणि तिथे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे त्याचं माप) खाली गेल्याचं दिसलं. अंदाजासाठी सांगतो, जगभरच्या वेधशाळांच्या सरासरीत १०० नॅनोटेस्लाची घसरण झाली तरी त्याला आज तीव्र वादळ म्हणतात. त्या वादळाची तीव्रता ठरवताना शास्त्रज्ञांना या नोंदी फार मोलाच्या ठरल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही वेधशाळा पुढे अलिबागला हलवली, तिथे ती अजून काम करते.

तसं वादळ आज आलं तर माणसं थेट मरणार नाहीत. पण लांबलांबच्या वीजवाहिन्यांत जमिनीतून एकदिश प्रवाह शिरतो, मोठे ट्रान्सफॉर्मर तापतात, आणि असे ट्रान्सफॉर्मर बनवायला महिनोन्‌महिने लागतात. १३ मार्च १९८९ला, यापेक्षा पुष्कळ लहान वादळात, कॅनडातल्या क्विबेकचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. विषुववृत्ताजवळ असल्याने आपल्याला हा धोका कॅनडापेक्षा कमी आहे. पण उपग्रह आणि दळणवळण आपलंही त्याच आकाशात आहे.

१९६२, १९७९, २०१२. या तिन्ही वर्षी गाजावाजा एका गोष्टीचा झाला आणि संकट दुसऱ्या बाजूने येऊन गेलं. यात गूढ काही नाही. अफवेला तारीख असते, कथा असते, बोलायला वर्षभर वेळ असतो. खरं संकट आठ-दहा मिनिटांचं, बंद खोलीतलं आणि गोपनीय शिक्क्याखालचं असतं. आर्खिपोव्हची हकीकत जगाला २००२मध्ये, चाळीस वर्षांनी, नीट कळली. पेट्रोव्हची सोव्हिएत संघ कोसळल्यावर कळली. कारखान्यात एखादा अपघात होता होता टळला, तर त्याची 'निअर मिस' म्हणून त्याच पाळीत नोंद करायची असते, कारण उद्या दुसऱ्या युनिटमध्ये तेच घडणार असतं. अण्वस्त्रांच्या बाबतीत ही नोंद एक पिढी उशिराने उघडते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो अजून सुधारलेला नाही.

शीतयुद्ध संपलं म्हणून हे संपलं असंही नाही. २५ जानेवारी १९९५ला नॉर्वेतून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक रॉकेट सोडलं. नॉर्वेने रशियाला आगाऊ कळवलं होतं, पण ते पत्र रडारवर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचलंच नाही. रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची ब्रीफकेस उघडली गेली. एक पत्र योग्य टेबलावर न पोहोचल्याचा हा परिणाम.

आपल्या घराजवळचं उदाहरण ९ मार्च २०२२चं. भारताकडून एक क्रूझ क्षेपणास्त्र, म्हणजे विमानासारखं उडत जाणारं, चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. भारताने ११ मार्चला चूक जाहीरपणे मान्य केली, ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. दोन्ही देशांत २००५पासून करार आहे की क्षेपणास्त्र-चाचणीची आगाऊ सूचना द्यायची, पण तो बॅलिस्टिक, म्हणजे उंच फेकली जाऊन खाली येणाऱ्या, क्षेपणास्त्रांपुरताच आहे, क्रूझ प्रकारची त्यात येत नाहीत. मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात क्षेपणास्त्राला अर्धा तास लागतो. आपल्या दोन देशांत काही मिनिटं. पेट्रोव्हला जेवढा वेळ मिळाला तेवढाही इथे कुणाला मिळणार नाही. त्यामुळे हा करार क्रूझ क्षेपणास्त्रांपर्यंत वाढवणं हे मला जगबुडीच्या शंभर चर्चांपेक्षा जास्त तातडीचं वाटतं.

राहिला तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ओळखायचं कसं. पुढची भीती कोणती असेल, ते मी आताच सांगू शकतो, त्यावरच करून पाहा. १३ एप्रिल २०२९ला ॲपोफिस हा सुमारे साडेतीनशे मीटर रुंदीचा लघुग्रह पृथ्वीपासून जेमतेम ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. दूरचित्रवाणीचे उपग्रह याहून उंचावर असतात. त्या दिवशी शुक्रवार आहे. संदेश फिरणार, हे नक्की.

२००४च्या डिसेंबरात, शोध नवा असताना, तो आदळण्याची शक्यता काही दिवस २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. तो आकडा खरा होता आणि शास्त्रज्ञांनीच दिला होता. निरीक्षणं थोडी असली की बहुतेक वेळा असा आकडा आधी वर जातो आणि कक्षा पक्की झाली की शून्यावर येतो. २०२५च्या सुरुवातीला २०२४ वायआर४ या लघुग्रहाच्या बाबतीत पृथ्वीला असलेला धोका असाच ३ टक्क्यांवर चढून उतरला. ॲपोफिसची कक्षा आधी दुर्बिणींनी काढली. मग रडारने, म्हणजे सर्वस्वी वेगळ्या पद्धतीने, त्याचं अंतर अनेकदा मोजलं, त्यातलं एक २०२१च्या मार्चमध्ये. दोन्ही जुळले. त्यानंतर नासाने पुढची किमान शंभर वर्षं तो धोक्याच्या यादीतून काढून टाकला. तेव्हा २०२९मध्ये कुणी तुम्हाला घाबरवायला आलं, तर त्याच्याकडे दुर्बिणीचं नवं मोजमाप आहे का आणि रडारचं आहे का, एवढं विचारा.